दुर्गाआत्यांची झोप

परवा सून मला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. छातीला नळी लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आजी, झोप कशी लागते?" मी म्हटलं, अहो, मी छाती दाखवायला आलेय, झोप कसली विचारता? तो पोरगा, माझ्या नातवाच्या वयाचा असेल, हसला आणि मला समजावून सांगायला लागला, की झोप पुरी झाली नाही की रक्तदाब उतरत नाही, हृदयाला विसावा मिळत नाही, मग ते हळूहळू थकतं. मी मान डोलावत होते, पण मन कधीच रत्नागिरीच्या पाखाडीवर जाऊन पोचलं होतं. हे सगळं मी तिथे ऐकलं होतं, आणि ज्यांच्यासाठी सांगितलं जात होतं त्या दुर्गाआत्या समोर बसून डॉक्टरांकडे टक्क बघत होत्या.

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न झालं ते पन्नासनंतरच्या दोन-चार वर्षांत कधीतरी. साल सांगत नाही, लगेच माझं वय मोजायला लागाल. आमच्या ह्यांची नोकरी रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत, म्हणून मी घाट उतरून समुद्राकाठी आले. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची चढाची वाट, दोन्ही अंगांना दगडी गडगे आणि गडग्यांमागे घरं. सगळ्यांत वरचं घर आत्यांचं. त्यातला अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. मध्ये कुडाची भिंत, म्हणजे काठ्या विणून वर माती लिंपलेली. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं. नव्या जोडप्याची यात किती पंचाईत होते ते मी सांगायला नको.

आत्या तशा कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. त्या आणि त्यांचा मुलगा विसू, दोघंच घरात. विसू वीस-बावीसचा, मॅट्रिक झालेला, एका वकिलाकडे नकला करायला जायचा. आत्या उंच, सडसडीत, कपाळ मोकळं, अंगावर बहुधा निळसर सुती लुगडं. चेहऱ्यात लक्षात राहायचे ते डोळे. लाल नाहीत, सुजलेले नाहीत, नुसते उघडे. पापणी लवते की नाही अशी शंका यावी इतके उघडे. पाऊल मात्र सुजलेलं असायचं. पायरीवर बसल्या की त्या अंगठ्याने घोटा दाबून बघायच्या आणि पडलेला खळगा भरून यायची वाट बघत बसायच्या. पाखाडी चढताना मध्येच गडग्याला हात लावून थांबायच्या. काय झालं म्हणून विचारलं की म्हणायच्या, "समुद्र बघते हो जरा." जन्म गेला होता त्यांचा तो समुद्र बघण्यात, पण मला बरेच दिवस ते खरंच वाटत होतं.

आता बोटीचं सांगायला हवं. तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. बोट खालच्या बंदरांकडून माणसं आणि माल घेत घेत यायची आणि रत्नागिरीला काठापासून लांब उभी राहायची. मग धक्क्यावरून पडावात बसायचं, म्हणजे मोठ्या होडीत, आणि हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं. ही बोट बहुतेक उजाडायच्या आधी लागायची. आता बहुतेक म्हणजे काय, ते वारा जाणे आणि भरती जाणे. मागच्या बंदरात आंब्याच्या पेट्या जास्त चढल्या की उशीर, वारा पाठीशी असला की लवकर. तिथे गजराचं घड्याळ काय कामाचं? कुणीतरी जागं असायला हवं, बोटीचा दिवा वळणाशी दिसायला हवा, भोंगा ऐकायला हवा. आणि आमच्या पाखाडीवर असं माणूस होतं. ज्यांना जायचं असेल ते संध्याकाळी वर येऊन नुसतं म्हणायचे, आत्या, उद्या बोट आहे हो. आत्या मान हलवायच्या. झालं, तो माणूस घरी जाऊन पोटभर जेवून घोरायला मोकळा.

उठवायची त्यांची रीत होती. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. खिडकीचे गज धरून हलक्या आवाजात नाव घ्यायचं आणि "जागा आहे" असं उत्तर आलं तरी हलायचं नाही. म्हणायच्या, "पाय जमिनीला लागू देत." खाटेवरून उतरलेल्या पायांचा आवाज आला की मगच गज सोडायच्या. नुसतं तोंडाने जागं झालेलं माणूस परत निजतं, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे पहिल्यांदा कचेरीच्या कामाला मुंबईला निघाले तेव्हा अंथरुणातूनच म्हणाले, उठलो हो आत्या. बाहेरून उत्तर आलं, "तुमचं तोंड उठलंय, पाय नाय." मी पांघरुणात तोंड खुपसून हसले होते.

समोरच्या घरात बापूकाका राहायचे. शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. मुलगी मुंबईला दिलेली, तिच्याकडे त्यांच्या सारख्या खेपा. ते गमतीने म्हणायचे की आमच्या पाखाडीवरची देवी जागृत आहे, नवससुद्धा करावा लागत नाही. सगळे हसायचे. आत्याही हसायच्या. बंदरावरचे हुसेनभाई तांडेल, ज्यांच्या पडावात आम्ही बसायचो, ते तर अभिमानाने सांगायचे की या पाखाडीवरचा माणूस कधी बोट चुकत नाय. आजारी माणसाजवळ बसायला आत्या, अडलेल्या बाईजवळ आत्या, घरात मयत झालं तर दिव्याशी बसायला आत्या. कुणाला झोप येत नाही ही दुसऱ्यांची केवढी सोय असते, ते मी तिथे बघितलं.

माझेही डोळे उघडले ते पहिल्या पावसाळ्यात. पावसाळ्यात बोट बंद. चार महिने कुणाला उठवायचं नाही, कुणी मुंबईला जात नाही. मला वाटलं, आता आत्या झोपून घेतील बिचाऱ्या. कसचं काय. कुडापलीकडून तेच पाय वाजत राहिले, तीच खाट करकरायची आणि थांबायची. आणि थोड्या थोड्या वेळाने विसूचा खोकला. त्याला सर्दी नव्हती, दमा नव्हता, दिवसभर तो एकदाही खोकत नसे. मी एकदा त्यालाच विचारलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला की खोकला नाही आला तर आई उठून बघायला येते, म्हणून त्याने सवयच करून घेतलीय. आता झोपेतसुद्धा येतो आपोआप. हे तो अगदी साधेपणाने सांगत होता. एवढा दाढीमिशा आलेला मुलगा, पण रात्रभर आईला हजेरी देत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या पडवीत आम्ही दोघी रातांबे फोडत बसलो होतो. आमसुलं करायची होती. हात मनगटापर्यंत लाल. मी अशीच बोलून गेले, की आत्या, तुम्हाला पहिल्यापासूनच झोप नाही का हो? त्यांनी हातातला रातांबा फोडला, बिया काढल्या, साल सुपात टाकली, आणि मान वर न करता सांगितलं.

"मी झोपेची मोठी लोभी होते गो. सासू म्हणायची, हिला भिंतीला टेकवा, निजेल. विसूचे वडील गेले त्या दिवशी मी उठले, चूल पेटवली, चहा टाकला, आणि आतून त्यांना ओरडत होते. उठा, ऊन डोक्यावर आलं, कोर्टात कोण जाणार तुमचा आजा. चांगलं तोंडसुख घेत होते. चहा गार झाला म्हणून कप घेऊन रागानेच गेले त्यांच्याकडे. ते पहाटेच कधीतरी गेलेले. मी शेजारी होते. हात लावला असता तर कळलं असतं, इतकी शेजारी."

मी म्हटलं, तुम्ही जाग्या असता तरी काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाय. पण एकटे गेले नसते." आणि दुसरा रातांबा उचलला.

त्यानंतर वर्षाच्या आत विसूला सांधेतापाने धरलं होतं. तेव्हा तो लहान होता. ताप उतरल्यावर त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं की या तापाने हृदय नाजूक होतं, पोराला जपा. बस्स, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. नवऱ्याच्या वेळी निजले, आता मुलाच्या वेळी निजणार नाही. विसूने पोहायचं नाही, झाडावर चढायचं नाही, रत्नागिरीबाहेर मुक्काम करायचा नाही. पोहता न येणारा असा समुद्राकाठचा तरुण मी तो एकच बघितला. आणि बाई गं, तो तक्रार करील तर शपथ. आई माझ्यासाठी जागते, असं म्हणायचा आणि गप्प बसायचा. अशा माणसाला पळून तरी कसं जाता येणार?

एकदा मात्र जायचं ठरलं. मामाने मुंबईत एका छापखान्याच्या कचेरीत त्याच्यासाठी शब्द टाकला आणि जागा मिळाली. आत्या हो म्हणाल्या. आश्चर्य वाटलं सगळ्यांना. त्यांनी स्वतः ट्रंक भरली, पोह्याचे पापड दिले, आमसुलं दिली, नवं उपरणं घडी करून वर ठेवलं. त्याच बोटीने बापूकाका जाणार होते. ठरल्याप्रमाणे भोंगा झाला, आत्यांनी बापूकाकांच्या खिडकीशी जाऊन त्यांना उठवलं, त्यांचे पाय जमिनीला लागलेले ऐकले. बापूकाका धक्क्यावर गेले. हुसेनभाईंनी विसूसाठी पडाव थांबवून धरला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, शेवटी सोडला.

उजाडल्यावर विसू ओटीवर आला तेव्हा बोट मिऱ्याच्या डोंगराआड चालली होती. मी अंगणात सडा घालत होते, तिथून मला तो दिसत होता. आत्या पायरीवर बसल्या होत्या. पाखाडीवरच्या सगळ्यांना उठवणाऱ्या बाईने आपल्या मुलाला उठवलं नव्हतं. त्याने काही विचारलंसुद्धा नाही. त्याच म्हणाल्या, "गाढ निजला होतास रे. झोप मोडवेना." विसू म्हणाला, "बरं." मग आत गेला, ट्रंक उघडली आणि सदरे एकेक करून परत खुंटीला लावले. मला त्या वेळी आत्यांचा असा राग आला म्हणता! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. रात्री विसूचा खोकला मात्र नेहमीसारखा येत होता.

आत्यांना पाखाडीवर चक्कर आली ती त्याच वर्षीच्या हिवाळ्यात. डोक्यावर पाण्याची कळशी होती, ती गडगडत खालच्या घरापर्यंत गेली, त्या आवाजाने लोक धावले. विसूने आणि ह्यांनी उचलून वर आणलं. आमचे डॉक्टर आले. मोठे सज्जन, बोलायला हळू, पण मनातलं तोंडावर सांगणारे. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, घोटे दाबून बघितले आणि विचारलं, झोप किती? मीच भडाभडा सगळं सांगून टाकलं, सांधेताप, खोकला, सगळं. डॉक्टरांनी मग एक गंमत केली. विसूला शर्ट काढायला लावला, नळी त्याच्या छातीला लावली आणि नळीची टोकं आत्यांच्या कानात घातली. म्हणाले, ऐका. आत्या ऐकत राहिल्या. विसूचं हृदय कधीच बरं झालंय, डॉक्टर सांगत होते, एकसारखं चाललंय, खाडीत उडी मारली तरी काही व्हायचं नाही त्याला.

मग त्यांनी नळी विसूच्या छातीवरून काढली आणि आत्यांच्या छातीवर ठेवली. कानातली टोकं आत्यांच्याच कानात. आत्यांचा चेहरा बदलला.

"हे कोणाचं?"

"तुमचं."

त्या आपल्याच छातीकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं तेच परवाच्या पोराने मला सांगितलं, फक्त डॉक्टरांनी ते कोकणातल्या बाईला कळेल असं सांगितलं. म्हणाले, "रहाटाच्या रेड्याचंसुद्धा रात्री जू उतरतात, आत्या. रात्री माणूस निजतं तेव्हा हृदयाचं जू उतरतं. तुम्ही इतकी वर्षं ते उतरूच दिलं नाही. आता ते चालतंय, थांबतंय, पळतंय. औषध देतो, पण खरं औषध झोप. नाहीतर हे फार दिवस ओढणार नाही."

विसू भिंतीला टेकून खाली बसला. आपल्यासाठी आई काय मोडत होती ते त्याला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, आता तरी आत्या सुटतील. मुलाचं हृदय ठणठणीत आहे हे त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. डॉक्टर गेल्यावर मी तसं म्हटलं, तर त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाल्या, "विसूच्या वडलांचं पण ठणठणीत होतं गो." कुलपाला किल्लीच नव्हती.

डॉक्टरांचं झोपेचं मिक्श्चर आत्या अळवाच्या मुळाशी ओतायच्या. अळू चांगलं फोफावलं. पाखाडीवरच्या बायकांनी मग कंबर कसली. कुणी दुधात जायफळ उगाळून आणलं, कुणी काशाच्या वाटीने तळपाय चोळले, कुणी गणपतीपुळ्याच्या देवाला बोलली. सगळ्यांची माया खरी होती, खोटं कशाला बोलू. पण जायफळाची वाटी खाली ठेवता ठेवता तीच बाई म्हणायची, आत्या, उद्या आमच्या भाऊजींना बोट आहे हो. आणि आत्या मान हलवायच्या. एका संध्याकाळी बापूकाका पण आले. मी आडवी आले. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते ऐकलंत ना, असं मी त्यांना विचारलं. तर काय बोलावं त्यांनी? "ते बरोबर आहे हो सूनबाई, पण मग बोटीला कोण उठवणार?"

माझी जीभ तशी साताऱ्याची. मी त्यांना जे बोलले ते इथे सांगत नाही, वडीलधारे होते. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. वरमले, आणि पाखाडीला उठवायचं काम आपण करतो म्हणाले. केलंही त्यांनी. फक्त इतकंच, की भोंगा झाला की आत्या बापूकाकांच्या खिडकीशी जाऊन त्यांना उठवायच्या, आणि मग बापूकाका बाकीच्यांना उठवायचे.

असे दिवस चालले होते. आत्यांचे घोटे आता दुपारपर्यंत सुजायचे, समुद्र बघायला त्या जास्त वेळा थांबायच्या. मी माहेरी जाऊन बाळंतीण होऊन आले. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या त्याच, पण मध्ये हात थांबवून धापा टाकत बसायच्या आणि बाळ टकामका त्यांच्याकडे बघायचं. तेवढ्यात ह्यांची बदली मुंबईला झाली. दोन खोल्यांची जागाही मिळाली. छापखान्यातली जागा गेली होती, पण विसूच्या मामाने दुसरीकडे बघून ठेवलं होतं. ह्यांनीच विषय काढला, की विसूने आमच्याबरोबर यावं, आमच्याकडे राहावं. विसू आईकडे बघायला लागला. आत्या उठून मागच्या दाराला गेल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्या बोलल्या नाहीत. ट्रंका बांधून झाल्या होत्या, विसूचीही बांधलेली होती, पण ती मागेही एकदा बांधली होतीच की. मी ओटीवरच्या झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसले होते, मांडीवर बाळ. आत्या येऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, विसूची खाट कुठे असेल? मी सांगितलं, बाहेरच्या खोलीत, मधलं दार उघडं ठेवीन. हे कार्टं तसंही मला रात्रीचं निजू देत नाही, याच्याबरोबर त्याच्यावरही कान ठेवीन. त्या ऐकत होत्या. मी गमतीत बोलायला गेले होते, पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझं हसू गेलं.

"जागी राहशील?" त्यांनी विचारलं.

"राहीन."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "पाय जमिनीला लावून सांग गो."

मी झोपाळा थांबवला. दोन्ही पाय खाली सोडले. सारवलेली जमीन गार लागली. आपण कसलं ओझं घेतोय हे मला कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. बोट चुकायची भीती निदान एका रात्रीची असते, हे तर रोजचं. पण त्या बाईच्या छातीतला तो आवाज डॉक्टरांच्या नळीशिवाय मला त्या क्षणी ऐकू येत होता. मी म्हटलं, "जागी आहे, आत्या."

खिडकीचे गज सोडताना त्या मान हलवायच्या, तशी त्यांनी मान हलवली आणि दिवा लावायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती बाळाच्या रडण्याने. डोळे उघडले तर खिडकीतून ऊन थेट अंथरुणावर आलेलं. रत्नागिरीत बोटीच्या दिवशी मी ऊन बघत कधी उठले नव्हते. ह्यांना हलवलं. हे धावत ओटीवर गेले. समुद्र मोकळा होता, लांबवर धुराची रेघ तेवढी दिसत होती. आणि त्याच क्षणी आम्हा दोघांच्याही मनात तेच आलं. आत्यांनी उठवलं नाही. ऊन डोक्यावर आलं आणि आत्या उठल्या नाहीत. मी बाळाला तसंच छातीशी धरून पलीकडच्या पडवीत गेले.

आत्या चटईवर कुशीवर पडलेल्या. हात गालाखाली, पावलांवर ऊन. शेजारी विसू मांडी घालून बसला होता, निघायचे कपडे घातलेले, ट्रंक बाजूला. त्याचा हात आईच्या पाठीवर होता. तो हलत नव्हता आणि त्या पण हलत नव्हत्या. माझ्या तोंडून आवाज फुटणार, तेवढ्यात त्याने दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"निजलीय," तो म्हणाला. "भोंगा ऐकला मी वैनी. मोडवेना."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. मनसोक्त रडले, पण तोंडात पदर कोंबून.

बापूकाका पिशवी घेऊन तावातावाने वर आले, मुलीकडे जायचं होतं त्यांना. ह्यांनी त्यांना पायरीवरच अडवलं. ते डोकावले, बघितलं, आणि चपला काढून हातात घेतल्या. थोड्या वेळाने हुसेनभाई धापा टाकत आले. पाखाडीवरचं एकही माणूस धक्क्यावर आलं नाही, तेव्हा कुणाला काय झालं ते बघायला आले होते. ते पण बसले. चूल पेटवायचं कुणी नाव काढीना, भांडं वाजेल म्हणून. कावळा ओरडला तर बापूकाकांनी पिशवी दाखवून हाकलला. ज्यांची बोट चुकली होती अशी सगळी शहाणी माणसं ट्रंकांवर बसून एका बाईचा श्वास मोजत होती.

दोन दिवसांनी पुढच्या बोटीने आम्ही गेलो, विसूही आला. त्या वेळी अंधार होता, निरोप घाईत झाला, आत्यांचा चेहरासुद्धा मला नीट दिसला नाही. मुंबईत विसू कित्येक महिने झोपेत खोकायचा आणि मी आतून म्हणायची, जागी आहे रे. मग हळूहळू तो खोकला थांबला. आत्या निजायला लागल्या, पण झोप त्यांच्याकडे फार उशिरा आली. झिजलेलं हृदय भरून येत नाही. पुढचा पावसाळा संपता संपता त्या गेल्या, बोटी नुकत्या सुरू झाल्या होत्या, विसू वेळेवर पोचला, हात हातात होता. माझी झोप अजून सावध आहे, हे मी त्या पोरगेल्या डॉक्टरला सांगितलं नाही. तर माझ्या डोळ्यांपुढे आत्या येतात त्या त्या सकाळच्याच.

ऊन पावलांवरून गुडघ्यांपर्यंत आलं तेव्हा त्या जाग्या झाल्या. आधी ऊन दिसलं त्यांना. मग आम्ही सगळे दिसलो, पडवीभर, गप्प बसलेले. चेहरा पांढरा पडला. उठून बसायला गेल्या, हात छातीवर.

"कोणाला काय झालं?"

विसू खोकला. मग म्हणाला, "कोणाला काय नाय झालं, आई. आमची बोट चुकली."

आत्यांनी एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं. विसूचं, माझं, बाळाचं, ह्यांचं, बापूकाकांचं, हुसेनभाईंचं. सगळ्यांची बघून झाली तशा त्या परत चटईवर टेकल्या, पदर डोक्याखाली सारखा केला आणि भिंतीकडे कुशीला वळल्या.

"कोणीतरी चहा टाका," त्या म्हणाल्या. "झाला की मला उठवा."